सर्व्हरचा खोडवा किती वर्षं ठेवायचा?

भांडगावच्या शिवारात ऊस तुटून गेला की बांधावर एकच विषय असतो. खोडवा ठेवायचा, की रान मोडून नवी लागण करायची? खोडव्याला बेण्याचा खर्च नाही, नांगरट नाही, म्हणून मन आधी तिकडेच ओढतं. पहिला खोडवा चांगला येतोही. पुढच्या खोडव्याला मात्र नांग्या पडायला लागतात, चाबूक काणी दिसते, आणि टनेज घसरल्यावर माणूस म्हणतो, गेल्याच वर्षी रान मोडायला हवं होतं.

सर्व्हरचंही असंच होतं. पुणे–सोलापूर महामार्गावर यवतपासून चौफुल्यापर्यंतच्या पट्ट्यात जे लहान कारखाने, वर्कशॉप आणि गोदामं आहेत, त्यांतल्या काहींचे सर्व्हर मी सांभाळतो. पूर्वी हे सर्व्हर ऑफिसच्या कोपऱ्यात यूपीएसशेजारी असायचे आणि लाईट गेली की धावपळ व्हायची. आता बहुतेकांचे क्लाउडवर गेले आहेत. कुणाचं टॅली, कुणाचं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, कुणाची कामगारांची हजेरी. मशीन डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ते जुनंही होत नाही असा एक समज मात्र सगळीकडे पक्का बसलेला आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी उभं केलेलं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आपण ज्याला व्हीएम म्हणतो ते, तसंच चालू असतं. त्यावर कुणी कधी काय बसवलं, कुठला पोर्ट कशासाठी उघडला, कुठली स्क्रिप्ट रात्री चालते, हे कुणालाच आठवत नाही. बसवणारा मुलगा केव्हाच हिंजवडीला नोकरीला गेलेला असतो.

ज्यांच्याकडे असे दोन, चार, दहा सर्व्हर आहेत आणि ज्यांच्यामागे मोठी टीम नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. टेम्प्लेटवरून नवं मशीन उभं करायला दहा मिनिटं पुरतात. ते उभं राहिल्यावर कामाला लागेल की नाही, हे मात्र टेम्प्लेटमध्ये जे नसतं त्यावर ठरतं. म्हणून माझा बराचसा भर त्या ‘नसलेल्या’ गोष्टींवर आहे.

रान कधी मोडायचं, याची काही ठळक लक्षणं आहेत. सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले. विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ यांचा विस्तारित आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. उबुंटू २०.०४ चा सर्वसाधारण आधार मे २०२५ मध्ये संपला. यांपैकी काही अजून चालवत असाल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. दुसरं लक्षण म्हणजे मशीनमध्ये व्हायरस किंवा परका माणूस शिरल्याची शंका. अशा मशीनची साफसफाई करत बसू नये, कारण काय काय बिघडवलंय ते शेवटपर्यंत कळत नाही. आधी डिस्कचा स्नॅपशॉट तपासासाठी बाजूला ठेवायचा आणि नवीन उभं करायचं. तिसरं लक्षण सगळ्यात साधं आहे. “हे मशीन रीस्टार्ट करायला भीती वाटते” असं तुमच्या तोंडून निघालं की ते मशीन बदलायची वेळ झाली.

पुढे जाण्याआधी तीन शब्दांची गल्लत निस्तरून घेऊ, कारण निम्मं नुकसान या गल्लतीतून होतं. टेम्प्लेट म्हणजे साचा. ऑपरेटिंग सिस्टीम, तिचे अपडेट, लागणारं सॉफ्टवेअर आणि सेटिंग यांची गोठवलेली प्रत. ॲमेझॉनवर तिला एएमआय म्हणतात, अझूरवर इमेज, क्लाउडस्टॅकवर टेम्प्लेटच. स्नॅपशॉट म्हणजे एका डिस्कचा त्या क्षणाचा फोटो. त्यात त्या क्षणीचे सगळे दोषही जसेच्या तसे येतात. बॅकअप म्हणजे तुमचा डेटा, जो मूळ मशीन नसलं, मूळ खातं नसलं तरी परत मिळतो. “स्नॅपशॉट काढलाय, म्हणजे बॅकअप आहे” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की पहिलं विचारतो, “खातंच बंद पडलं तर?” मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या मोठ्या पेन्शन फंडावर जवळपास तीच वेळ आली. गूगल क्लाउडवरची त्यांची प्रायव्हेट क्लाउड व्यवस्था एका चुकलेल्या सेटिंगमुळे पुसली गेली. दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेले बॅकअप त्यांच्या कामी आले.

डी ड्राइव्हची गोष्ट

एका वर्कशॉपचं विंडोज मशीन सकाळपासून अडखळत होतं. मेमरी कमी पडत होती. मी पोर्टलवरून ते पूर्ण बंद केलं, मोठ्या साइजवर नेलं आणि पुन्हा चालू केलं. पाच मिनिटांचं काम. दुपारी तिथल्या अकाउंटंट ताईंचा फोन आला, “सर, टॅली उघडतंय, पण आतमध्ये कंपनीच दिसत नाहीये.”

डेटा डी ड्राइव्हला होता. आपल्याकडे संगणक शिकलेल्या प्रत्येकाला ही शिकवण मिळालेली आहे की सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला तरी डी वाचतो, म्हणून कामाचं सगळं डी ला ठेवायचं. ऑफिसातल्या पीसीसाठी ही सवय शहाणपणाचीच होती. क्लाउडवरच्या काही विंडोज मशीनमध्ये मात्र डी ड्राइव्हचं नावच ‘टेम्पररी स्टोरेज’ असतं. ती जागा खालच्या खऱ्या यंत्राच्या स्थानिक डिस्कवरची. मशीन पूर्ण बंद होऊन दुसऱ्या यंत्रावर गेलं की ती कोरी होऊन परत येते. त्या ड्राइव्हमध्ये इशारा देणारी एक छोटी मजकूर फाइलसुद्धा असते. ती कुणी उघडली नव्हती. मीही नाही.

शेवटचा बॅकअप नऊ दिवसांपूर्वीचा होता. ताईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने कागदी बिलांच्या फायली काढून नऊ दिवसांची व्हाउचर दोन दिवसांत पुन्हा भरली. चूक माझी होती; डेटा नेमका कुठे बसतो हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. टेम्प्लेटला हात लावण्याआधी जुन्या मशीनची झडती घ्यायची आणि ती वहीत उतरवायची.

झडती म्हणजे काय, तर मशीनवर जे जे बदलतं ते शोधायचं. डेटाबेस कुठल्या डिस्कवर आहे? वापरणाऱ्यांनी चढवलेल्या फायली कुठे जातात? गेटपासचे फोटो, ई-वे बिलांच्या पीडीएफ, वजनपावत्यांचे स्कॅन हे बहुतेक वेळा डेटाबेसमध्ये नसतात, वेबसाइटच्या फोल्डरमध्ये पडून असतात, आणि तो फोल्डर मूळ डिस्कवर असतो, जी पुसली जाणार असते. रात्रीची ठरलेली कामं कोणती, ती कुणाच्या नावाने चालतात? मेल कुठून जातो, त्याचा पासवर्ड कुठल्या फाइलमध्ये आहे? एसएसएल प्रमाणपत्र कुणाचं? लायसन्स कशाला बांधलेलं आहे?

या शेवटच्या प्रश्नात टॅलीवाले हमखास अडकतात. जुन्या मशीनवरून लायसन्स ‘सरेंडर’ न करता ते मशीन मोडलं, की नव्या मशीनवर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं, आणि त्या मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांनाच नोंदी करता येतात. त्यामुळे आधी सरेंडर, मग मोडतोड. डिस्कवर बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर छापून कपाटात असू द्या.

लॉगसुद्धा झडतीत धरा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस आणि तेही भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवायचे आहेत. मशीन नव्याने उभं केलं की जुन्या डिस्कवरचे लॉग तिच्याबरोबर जातात. दुसरीकडे नेऊन ठेवलेले नसतील तर तुम्ही नकळत नियम मोडता. आणि काही गडबड झालेली असेल तर तिचा मागही हरवतो. हिशेबाच्या पुस्तकांचंही तसंच. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनी नियमांत दुरुस्ती झाल्यापासून संगणकावर ठेवलेल्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज हवा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, चालू असलीच पाहिजे. तुमच्या टेम्प्लेटमध्ये त्याआधीची सॉफ्टवेअर आवृत्ती गोठलेली असेल, तर नवं मशीन तुम्हाला त्याच जुन्या काळात नेऊन ठेवेल.

बेणेप्रक्रिया

उसाचं बेणं कुठूनही, कसंही उचलून आणत नाहीत. दहा-अकरा महिन्यांचं, निरोगी, बेणेमळ्यातलं बघतात, बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवतात, मगच सरीत जातं. आणि तेच ते बेणं वर्षानुवर्षं फिरवत राहिलं तर उतारा पडतो, म्हणून तीन-चार वर्षांनी पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचं किंवा दुसऱ्या खात्रीच्या ठिकाणचं नवं आणतात. टेम्प्लेटच्या बाबतीत मात्र आपण चालू असलेलं मशीन धरतो, ‘क्रिएट इमेज’ दाबतो आणि तेच पुढे चालवतो. रोगट रानातलंच बेणं पुन्हा त्याच रानात लावण्यासारखं हे आहे.

टेम्प्लेट कोऱ्या मशीनपासून करा. प्लॅटफॉर्मने दिलेली ताजी मूळ इमेज घ्या, सगळे अपडेट चढवा, लागेल तेवढंच सॉफ्टवेअर बसवा. बसवताना प्रत्येक पायरी लिहून ठेवा. पॅकर, टेराफॉर्म, अँसिबल ही अवजारं उत्तम आहेत आणि दहाच्या वर मशीन असतील तर ती शिकाच. पण तीन सर्व्हरवाल्याने त्यासाठी थांबून राहू नये. नीट लिहिलेली एक साधी स्क्रिप्ट आणि दोनशे पानी वही यांवर मी बरीच वर्षं काढली आहेत.

मग साचा गोठवण्याआधी त्या मशीनची स्वतःची ओळख पुसायची. विंडोजसाठी हे काम सिसप्रेप करतं. लिनक्सवर क्लाउड-इनिटच्या जुन्या नोंदी साफ करायच्या, एसएसएचच्या होस्ट की काढायच्या आणि मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची. फाइल पूर्ण काढू नका, रिकामी ठेवा. पहिल्या सुरुवातीला प्रत्येक नवं मशीन आपला क्रमांक स्वतः घेतं. हे विसरलं की काय होतं? एकाच साच्यातून निघालेली दोन मशीन नेटवर्कला सारखाच ओळखक्रमांक सांगतात, आणि काही ठिकाणी डीएचसीपी सर्व्हर दोघांना एकच आयपी देऊन बसतो. मग एक चालू केलं की दुसरं तुटतं. याचं कारण शोधण्यात माणसाची रात्र जाते, कारण दोन्ही मशीन वेगवेगळी तपासली तर ठणठणीत असतात.

पासवर्ड, बँकेच्या चाव्या, डेटाबेसचे लॉगिन यांतलं काहीही टेम्प्लेटमध्ये ठेवू नका. साचा ज्याच्या हाती लागेल त्याच्या हाती तुमची तिजोरीही लागेल. प्लॅटफॉर्मच्या सीक्रेट साठवणीत ठेवा आणि मशीन उभं राहताना तिथून घ्या. आणि टेम्प्लेटच्या नावात तारीख घाला. ‘फायनल’, ‘फायनल-नवीन’, ‘फायनल-२’ अशी नावं असलेली यादी रात्री दोन वाजता वाचायची वेळ कुणावर येऊ नये. दर तीन महिन्यांनी नवं बेणं करा, आधीची दोन ठेवा, बाकीची काढून टाका.

आपल्या मातीतल्या तीन अडचणी

इंग्रजी मार्गदर्शिका वाचून सगळं नीट केलं तरी आपल्याकडे जिथे गाडी अडते, त्या जागा मी इथे सावकाश सांगतो.

पहिली वेळेची. क्लाउडवरची बहुतेक मूळ मशीन यूटीसी वेळेवर चालतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. एका कारखान्याचा वजनकाटा मी नव्या मशीनवर नेला. दिवसभर सगळं व्यवस्थित वाटलं. पहाटे चारला मालाची गाडी आली आणि काट्यावरच्या दादांचा फोन आला, “सर, पावतीवर कालची तारीख येतीय. गाडी सोडू का थांबवू?” पहाटेचे चार म्हणजे यूटीसीत आदल्या रात्रीचे साडेदहा. दिवसा तारीख तीच राहते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. रात्रपाळीत तारीख फिरते. त्यापाठोपाठ कळलं की रात्री दोनचा बॅकअप सकाळी साडेसातला, म्हणजे ऐन कामाच्या वेळी चालणार होता. आता टेम्प्लेटमध्ये पहिली ओळ आशिया-कोलकाता वेळेची असते. डेटाबेसची वेळ निराळी तपासतो, कारण ती कधी कधी मशीनपेक्षा वेगळी ठेवलेली असते.

दुसरी मराठीची. हजेरीपत्रकावर नावं मराठीत, पावती मराठीत, आणि नव्या मशीनवर छापलं की चौकोन-चौकोन. साच्यात देवनागरी फॉन्टच नसतात. युनिकोडचा एखादा फॉन्ट टाकला की हे सुटतं. पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये भरलेला असेल, तर नेमका तोच फॉन्ट हवा. नाहीतर ‘शिंदे’ ऐवजी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. जुनं मशीन मोडण्याआधी त्याच्या फॉन्ट फोल्डरची यादी काढून ठेवा. डेटाबेसमध्ये याहून वाईट घडू शकतं. मायएसक्यूएलचा डेटा एका कॅरेक्टर सेटमध्ये काढला आणि दुसऱ्यात भरला, की मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. चौकोन दिसले तर मूळ अक्षर आत शाबूत असतं, फक्त दिसत नाही. प्रश्नचिन्हं साठली असतील तर अक्षर गेलेलंच असतं, आणि ते परत आणायला जुना बॅकअपच लागतो. त्यामुळे डेटा भरल्या भरल्या पाच-दहा मराठी नावं उघडून बघा. ‘ज्ञानेश्वर’, ‘क्षीरसागर’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ अशी अवघड अक्षरं मुद्दाम शोधा. नुसती नोंदींची संख्या जुळली म्हणून हुश्श करू नका.

तिसरी आयपीची, आणि ही सगळ्यात महागात पडते. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. ज्यांचं सॉफ्टवेअर सरकारी प्रणालीशी थेट जोडलेलं आहे, त्यांचा आयपी तिथे आधी नोंदवलेला असतो. बँकेची थेट जोडणीही बहुधा तशीच. नवं मशीन उभं केलं, त्याला नवा आयपी मिळाला, की समोरचा दरवाजा उघडत नाही. माल भरून गाडी गेटवर उभी, इन्व्हॉइस क्रमांक निघत नाही, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि ऑफिसात कुणालाच कळत नाही की सगळं चालू असताना हे एकच का अडलंय. आधीपासून स्थिर आयपी विकत घ्या, तो मशीनपासून वेगळा ठेवा आणि बदलाच्या वेळी जुन्यावरून सोडवून नव्याला जोडा. ॲमेझॉनवर आपोआप मिळालेला सार्वजनिक आयपी मशीन थांबवून चालू केलं तरी बदलतो. इलास्टिक आयपी बदलत नाही. डोमेन नावावर चालणाऱ्या गोष्टींसाठी दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल पाच मिनिटांवर आणा, म्हणजे बदल लवकर लागू होईल.

बदलाचा दिवस

ओपनस्टॅकवर ‘रिबिल्ड’, क्लाउडस्टॅकवर ‘रिइन्स्टॉल’ अशी सोय असते. मूळ डिस्क पुसून तिच्यावर साचा ओतला जातो. नाव, आयपी आणि जोडलेल्या डेटा डिस्क तशाच राहतात. सोपं आहे, आणि म्हणूनच मी ते शक्यतो वापरत नाही. बटण दाबलं की परतीचा रस्ता उरत नाही. त्याऐवजी जुन्याच्या शेजारी नवं उभं करा. चार-आठ दिवसांचं दुप्पट बिल येतं, पण तेवढ्या पैशांत तुम्हाला शांत झोप मिळते.

नवं मशीन उभं राहिलं की आधी डेटाची प्रत त्यावर भरून दोन दिवस चालवून बघा. खरा बदल आठवडी सुट्टीच्या दिवशी करा. कारखान्याचे मालक, अकाउंट विभाग आणि काट्यावरचा माणूस, तिघांना आदल्या दिवशी सांगा. एक वेळ मालकांना सांगायचं राहिलं तरी चालेल, काट्यावरच्याला राहता कामा नये. जुन्या मशीनवरच्या सेवा थांबवा, शेवटचा डेटा घ्या, डेटा डिस्क सोडवून नव्याला जोडा. लिनक्सवर डिस्क नावाने जोडू नका, तिच्या यूयूआयडीने जोडा, आणि एफस्टॅबमध्ये ‘नोफेल’ लिहा; नाहीतर ती डिस्क कधी सापडली नाही तर मशीन सुरूच होत नाही. प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं असेल तर सरावाच्या प्रत्येक फेरीत नवीन मागू नका. एकाच नावासाठी आठवड्यात पाचच मिळतात, आणि सहावं नेमकं खऱ्या दिवशी लागतं.

ॲमेझॉनवर मशीन टर्मिनेट केलं की मूळ डिस्क त्याच्याबरोबर जाते, ही तिथली ठरलेली सेटिंग आहे. जुन्याला हात लावण्याआधी ती बदलून घ्या.

साचे आणि बॅकअप कुठे ठेवता, यावर दोन शब्द. आपल्या जवळ बरंच काही आहे. मायक्रोसॉफ्टचं सेंट्रल इंडिया केंद्र २०१५ पासून पुण्यातच आहे, ॲमेझॉनचं मुंबई केंद्र जून २०१६ मध्ये आणि गूगलचं २०१७ मध्ये सुरू झालं. त्यामुळे भांडगावातून काम करणाऱ्याला वेगाची अडचण नाही. पण सगळं एकाच आवारात ठेवू नका. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर रात्रीत जळून खाक झालं. ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्यांच्यापैकी काहींकडे पुन्हा उभं करायला काहीच उरलं नाही. टेम्प्लेट एका केंद्रापुरतं असतं; मुंबईत केलेलं एएमआय हैदराबादला आपोआप दिसत नाही, तिथे प्रत पाठवावी लागते. तीन महिन्यांतून एकदा तेवढं करा.

१९ जुलै २०२४ चा दिवस आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्लाउडवाल्यांनी त्या दिवशी दोन वाटा धरल्या. एक, अडलेल्या मशीनची डिस्क सोडवायची, दुसऱ्या धडक्या मशीनला जोडायची, ती फाइल पुसायची आणि डिस्क परत लावायची. दुसरी, सकाळच्या त्या वेळेआधीच्या बॅकअपवर जायचं. दोन्ही वाटा त्यांनाच सोप्या गेल्या ज्यांनी हे आधी एकदा हाताने केलं होतं.

म्हणून सराव. वर्षातून दोनदा एखादा गुरुवार निवडा, जुनं मशीन जळालं असं समजा आणि फक्त टेम्प्लेट, बॅकअप आणि वही घेऊन कोऱ्या जागेवर सगळं उभं करा. माझ्या पहिल्या सरावाला पावणेचार तास लागले. त्यांतली मशीनची नऊ मिनिटं, डेटा भरायची चाळीस. उरलेला सगळा वेळ पासवर्ड शोधण्यात, लायसन्सचा ईमेल कुणाच्या नावावर आहे ते विचारण्यात आणि डोमेनचा ओटीपी ज्या नंबरवर जातो तो माणूस फोन उचलण्याची वाट बघण्यात गेला. डोमेन गाव सोडून गेलेल्या एका मुलाच्या नंबरवर होतं. दुसऱ्या सरावाला दीड तास लागला. तंत्रात काही बदललं नव्हतं. फक्त ते सगळं वहीत आलं होतं.

बदल झाल्यावर जुनं मशीन बंद करा, पण लगेच काढू नका. महिन्याची २० तारीख, म्हणजे मासिक जीएसटीआर-३बी ची मुदत, एकदा ओलांडू द्या. महिनाअखेरचे रिपोर्ट आणि रिटर्न नव्या मशीनवरून बिनबोभाट निघाले की मगच. बंद मशीनच्या डिस्कचंही बिल चालू राहतं, तेव्हा ती विसरूनही जाऊ नका. लॉग बाहेर गेले का ते बघा, डिस्कचा शेवटचा स्नॅपशॉट घेऊन त्याला नाव आणि तारीख द्या, मग डिस्क काढा. कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काढली ते वहीत लिहा आणि खाली मालकांची सही घ्या.